शब्दचर्चा : अतिवृष्टी, ढगफुटी, झड, वापसा... कोणता शब्द कुठं वापरायचा?

बालाघाट
ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि गावच्या गटात हवामानाच्या सूचना सोप्या मराठीत लिहायच्या आहेत. एकाच पावसाला कुणी अतिवृष्टी म्हणतं, कुणी ढगफुटी, कुणी अवकाळी. परदेशातल्या बातम्यांत तर रोज नवा शब्द. आपल्याकडं कोणता शब्द नेमका कशाला वापरतात आणि अर्जात, पंचनाम्यात कोणता चालतो, हे जाणकारांनी सांगावं.

रेनगेज
ज्या शब्दांना मोजमाप आहे ते आधी घेऊ, कारण गोंधळ तिथंच जास्त होतो.

'अतिवृष्टी' हा महसूल खात्याचा शब्द. महसूल मंडळात (काही गावांचा मिळून एक गट) 24 तासांत 65 मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. हे 24 तास सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंतचे असतात. पहाटे सुरू झालेला पाऊस साडेआठच्या आधी 40 मिमी आणि नंतर 35 मिमी पडला, तर वावरात 75 मिमी पाणी आलेलं असतं, पण नोंद दोन तारखांत फुटते आणि कोणत्याच तारखेला अतिवृष्टी दिसत नाही. म्हणून अर्जात एकच तारीख न टाकता दोन्ही तारखा आणि पाऊस सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ लिहावी.

हवामान खातं 'अतिवृष्टी' न म्हणता पायऱ्या करतं: 64.5 ते 115.5 मिमी मुसळधार, 115.6 ते 204.4 अति मुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. फळ्यावर हेच शब्द जसेच्या तसे उतरवावेत. 'अति' आणि 'अत्यंत' यांची अदलाबदल झाली की इशाऱ्याची पायरीच बदलते.

'ढगफुटी'चं माप सगळ्यांत कडक: साधारण 20 ते 30 चौरस किमी भागात एका तासात 100 मिमी. एका गुंठ्यावर तासाभरात दहा हजार लिटरचा अख्खा टँकर रिकामा केला तर जेवढं पाणी होईल तेवढं. रात्रभर पडून सकाळी 110 मिमी भरला, तर ती अतिवृष्टी झाली. ढगफुटी म्हणायला तासाची नोंद लागते. ढग फुटत बिटत नाही. वर चढणारी जोरदार गरम हवा थेंबांना तोलून धरते. तिचा जोर ओसरला की तोललेलं पाणी एकदम खाली येतं. त्यात ढग एका जागी रेंगाळला तर त्याच शिवारावर ओतत राहतो.

परदेशातलं उदाहरण हवं तर स्पेनचं घ्या. 29 ऑक्टोबर 2024 ला व्हॅलेन्सिया प्रांतात तुरीस इथं एका तासात 184.6 मिमी पाऊस मोजला गेला. आपल्या मापानं ती ढगफुटीच. तिथं त्या स्थितीला 'दाना' म्हणतात: उंचावरच्या थंड हवेचा एक गोळा मुख्य प्रवाहातून तुटून वेगळा पडतो आणि खाली उबदार समुद्राची वाफ त्याला मिळत राहते. लोकांच्या तोंडी जुना शब्द 'गोता फ्रीया', थंड थेंब.

वावर
रेनगेज दादांचं माप बरोबर, पण मंडळात पर्जन्यमापक एक आणि गावं कितीतरी. पाऊस एका शिवाराला झोडपतो आणि पाच किलोमीटरवरचं यंत्र कोरडं राहतं. म्हणून गावात स्वतःचं माप ठेवावं. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी समपातळीत ठेवा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतर सोडा. पाणी मिलिमीटरच्या पट्टीनं मोजा आणि रोज साडेआठला रिकामा करा. बाटली कापून करत असाल तर बूड वाकडं असतं. आधी बूड बुडेपर्यंत पाणी भरून तिथं शून्याची खूण करा, नाहीतर माप चुकतं. ही नोंद सरकारी ठरत नाही, पण पंचनाम्याला आलेल्यांना तारीखवार वही दाखवता येते.

आता आपला शब्द, 'झड'. झड म्हणजे जोराचा पाऊस नाही. दोन-चार दिवस सूर्य दिसत नाही, बारीक पाऊस सुटत नाही, गुरं गोठ्याबाहेर काढता येत नाहीत, भिंती ओल धरतात. पुस्तकी मराठीत 'संततधार' म्हणतात, पण त्या शब्दात हे दिवस मोजणं येत नाही. 'भीज पाऊस' वेगळा: तो जमिनीत मुरतो, तासा-दोन तासांत थांबतो आणि शेतकऱ्याला हवा असतो. झडीत मात्र एकाही दिवशी 65 मिमी भरत नाही, म्हणून वर्षानुवर्षं सोयाबीन, कापूस मुळं कुजून पिवळा पडला तरी कागदावर नुकसान दिसायचं नाही.

2023 मध्ये राज्य सरकारनं 'सततचा पाऊस' ही आपत्ती म्हणून मान्य केली. तिची पहिली अट अशी की सलग पाच दिवस रोज किमान 10 मिमी पाऊस हवा. पुढं सरासरीशी तुलना आणि पिकाची स्थितीही बघतात. म्हणून फळ्यावर 'झड' लिहा, अर्जात 'सततचा पाऊस' लिहा.

बालाघाट
आणि 'ओला दुष्काळ'? सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव, बीड, लातूरकडं पूर आले तेव्हा प्रत्येक निवेदनात हाच शब्द होता.

वावर
मागणीचा शब्द म्हणून तो बिनतोड आहे, पण दुष्काळाच्या सरकारी नियमावलीत ती संज्ञा नाही. तिथं दुष्काळ म्हणजे पाण्याची तूटच. निवेदनात जरूर लिहा. पंचनाम्यात मात्र अतिवृष्टी, पूर किंवा सततचा पाऊस असंच कारण यायला हवं, आणि पिकाचं नुकसान 33 टक्क्यांहून कमी लागलं तर मदत बसत नाही.

जमिनीच्या नुकसानीचे शब्द तर फारच जपून वापरावेत. 'गाळ साचला' आणि 'जमीन खरडून गेली' यांची मदत वेगळी. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत गाळ काढायला हेक्टरी 18,000 रुपये आणि जमीनच गेली असेल तर 47,000. गाळ तीन इंचांपेक्षा जाड असावा लागतो, म्हणून तो उपसायच्या आधी वावरात चार-पाच ठिकाणी पट्टी रोवून फोटो काढावेत. नदीकाठी तर बहुतेक वेळा एकाच गट नंबरात वरचा तुकडा खरडलेला आणि खालचा गाळानं भरलेला असतो. दोन्हींचं क्षेत्र वेगवेगळं मोजून लिहून घ्या. सगळ्याला मिळून 'शेत वाहून गेलं' असं मोघम लिहिलं की मोजणाऱ्याला सोपं पडेल ते नोंदलं जातं.

गोदाकाठ
'अवकाळी' बद्दल. अवकाळी, अवेळी, बेमोसमी हे तिन्ही एकाच अर्थाचे. शासन निर्णयात बहुधा 'अवेळी पाऊस' असतं. हरभरा, ज्वारी उभी असताना किंवा आंब्याला मोहोर असताना पडणारा तो अवकाळी. 'वळीव' त्यात धरू नये. चैत्र-वैशाखात दुपारपर्यंत तापतं, मग वावधान (सोसाट्याचा वारा) सुटतं, आभाळ भरून येतं आणि तासाभरात मोकळं होतं. हा पाऊस दरवर्षी अपेक्षित असतो, नांगरट त्यावर अवलंबून असते. बंगालमध्ये त्यालाच कालबैसाखी म्हणतात.

रेनगेज
अडचण 2025 सारख्या मे महिन्याची आहे. मे संपायच्या आतच मॉन्सून राज्यात आला, त्याआधीही पाऊस थांबत नव्हता, मशागतीला रान मोकळं मिळालं नाही. महिना वळवाचा होता, वागणूक झडीची. माझ्या मते तिथं 'वळीव' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, तासाभराचं काम आहे. 'मॉन्सूनपूर्व पाऊस' हा शब्द रुक्ष आहे, पण चुकीचं चित्र उभं करत नाही.

गोदाकाठ
हे मान्य. नक्षत्रांच्या म्हणींचंही तसंच होतंय. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' ही म्हण रब्बीच्या ज्वारीसाठी खरी. पण स्वाती लागते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि आता बऱ्याच शिवारांत तेव्हा सोयाबीन काढून पडलेलं किंवा बनीम (कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग) लागलेली असते. तोच पाऊस शेंगांना कोंब फोडतो. बनीम लावायची तर खाली उंचवटा, भोवती चर आणि ताडपत्री उतरती. ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट बांधली तर आत वाफ धरून माल काळा पडतो. खालून वीतभर हवा राहू द्यावी. भिजलेल्या मालाचं बियाणं ठेवायचं असेल तर ओल्या गोणपाटात 100 दाणे मोजून उगवण बघा. 70 किंवा जास्त उगवले तरच ते बियाणं धरा.

युरोपातही अशी लोकांची पंचांगं आहेत. जर्मन शेतकरी 11 ते 15 मे हे 'बर्फाचे संत' मानतात. ते दिवस सरेपर्यंत नाजूक रोपं बाहेर लावत नाहीत. फ्रान्समध्ये एप्रिल 2021 ला द्राक्षबागांना दहिवराचा (गोठलेल्या दवाचा) मोठा फटका बसला, कारण मार्च उबदार गेल्यानं वेली लवकर फुटल्या होत्या. थंडी एप्रिलला यायचीच. कोंब आधी आले होते.

काळी_माती
'वापसा' राहिला. काहीजण 'वाफसा' लिहितात, दोन्ही चालतं. पाऊस उघडल्यावर जमिनीतलं जास्तीचं पाणी निथरून गेलेलं, ओल टिकलेली आणि मुळाला हवा मिळतेय, अशी स्थिती म्हणजे वापसा. 'ओल' आणि 'वापसा' एक नव्हेत. चिबड (पाणी न निथरणाऱ्या) रानात ओल महिनाभर असते, वापसा येत नाही.

ओळखायचा असा: चार बोटं खोलवरची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा चपटा होऊन चिकटला तर घाई आहे. फुटून ढेकळं झाली तर वापसा. गोळाच होत नसेल तर ओल कमी. बरबट रानात पाभर (पेरणीचं अवजार) किंवा ट्रॅक्टर घातला की काळी माती दाबून बसते, उन्हानं वर पापडी धरते आणि सोयाबीनचा कोंब तिच्याखाली मोडतो. मग दुबार पेरणीचा दोष बियाण्यावर जातो. पेरणीसाठी 75 ते 100 मिमी पाऊस झालेला असावा आणि सोयाबीन 3 ते 4 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. 'उघाड' आणि 'खंड' हेही वेगळे ठेवा: चार-सहा दिवसांची उघाड कोळपणीला हवीच असते, खंड म्हणजे पीक सुकायला लागेपर्यंतची तूट.

बालाघाट
गारपीट आणि उन्हाचंही सांगा, म्हणजे फळा पूर्ण होईल.

रेनगेज
गारांना 'बर्फ पडला' म्हणू नये. बर्फ भुरभुरत पडतो आणि तो आपल्याकडं पडत नाही. गार उंच ढगात थर चढत मोठी होते, कापली तर आत कांद्यासारखे थर दिसतात. आकार लिहिताना बोराएवढी, लिंबाएवढी हे बोलायला ठीक, पण बोरं बारा प्रकारची. दहा रुपयांचं नाणं 27 मिमीचं असतं. गार त्याच्या शेजारी ठेवून लगेच फोटो घ्या, कारण ती भराभर वितळते.

गोदाकाठ
उन्हासाठी 'उष्णतेची लाट' हा शब्द मैदानी भागात कमाल तापमान 40 किंवा त्याच्या वर जाऊन सरासरीपेक्षा किमान 4.5 अंश जास्त असेल, किंवा थेट 45 गाठेल तेव्हाच. सरासरीच 41 असलेल्या ठिकाणी 44 ला लाट धरत नाहीत, तरी माणूस तापतोच. जपाननं 2007 मध्ये 35 अंशांच्या दिवसाला 'मोउशोबी' हे वेगळं नाव दिलं. सरासरीची भानगडच नाही, आकडा ओलांडला की शब्द लागू. फळ्यासाठी मला ती पद्धत पटते: '43 च्या वर, 12 ते 4 रानात काम बंद' असं सरळ लिहावं.

'ऊन लागलं' हा शब्द मात्र सूचनेत एकटा वापरू नका. आपल्याकडं डोकं दुखण्यापासून बेशुद्धीपर्यंत सगळ्याला तोच शब्द आहे आणि त्यानं वेळ जातो. चक्कर, घाम, मळमळ असेल आणि माणूस नीट बोलत असेल तर सावली, पाणी, मीठ-साखर. बरळायला लागला, झोकांड्या गेल्या किंवा आकडी (फिट) आली तर तो 'उष्माघात', मग घाम सुटलेला असला तरी. रानात राबणाऱ्याला उष्माघातातही घाम असतो. अशा वेळी 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून सगळं अंग पाण्यानं भिजवत वारा घाला. काखेत आणि जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.