शरीरातून डेटा: हजार रुपयांचं सर्किट, की नुसता देखावा?

रामबाग_रिले
आपल्या इंदूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत दरवर्षी तोच रेषेवरून चालणारा लाइन फॉलोअर रोबो, तेच ब्लूटूथवरचे दिवे-पंखे. त्यापेक्षा मुलांनी शरीरातून डेटा पाठवणारं सर्किट करावं. एका हाताला तांब्याच्या टेपचा तुकडा, दुसऱ्या हाताला दुसरा, मधली वायर म्हणजे आपणच! टॉमस झिमरमन यांनी १९९५ मध्येच एमआयटीच्या प्रबंधात हे मांडलं. पुढच्या वर्षी आयबीएमने नुसत्या हस्तांदोलनातून व्हिजिटिंग कार्ड पाठवून दाखवलं. वेग २४०० बिट प्रति सेकंद. आज दोन नॅनो क्लोन (आर्डुइनो नॅनो ह्या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाच्या स्वस्त नकला), थोडे ट्रान्झिस्टर आणि टेप धरून खर्च हजाराच्या आतच बसतो.

सोल्डर_भिया
ब्लूटूथ मॉड्यूल ह्याहून स्वस्त आणि दहा मीटर जातं. इथे मात्र हात चिकटवून बसा. आणि भिया, सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री दहाला फिरून बघा, किती खांदे लागतात ते. प्रत्येकाला डेटा वाटत सुटायचं का?

रामबाग_रिले
खांदा लागला तर जाईल, पण ब्लूटूथ खांदा न लागताही जातं, त्याचं काय? पर्ड्यू विद्यापीठात श्रेयस सेन यांच्या गटाने २०१९ मध्ये मोजून दाखवलंय: फ्रिक्वेन्सी कमी ठेवली तर हा सिग्नल १५ सेंटिमीटरच्या पलीकडे पकडता येत नाही. ब्लूटूथ पाच मीटरवरूनही सापडतं.

अर्थिंग_आधी
तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर भांडताय. खरा घोळ ग्राउंडचा आहे.

सर्किट पुरं व्हायला परतीची वाट लागते. जाताना सिग्नल अंगातून जातो, परत येतो तो हवेतून, दोन्ही बोर्ड आणि जमीन यांच्यातल्या इवल्याशा कपॅसिटन्समधून (म्हणजे वायर नसतानाही होणाऱ्या विद्युत जोडणीतून). अंगाचा जमिनीशी कपॅसिटन्स शंभर-दीडशे पिकोफॅरड, छोट्या बोर्डाचा जेमतेम एखाद-दोन. त्यामुळे पाच व्होल्ट सोडले तरी पलीकडे काही मिलिव्होल्टच उरतात. आता पोरं काय करतात? दोन्ही नॅनो लॅपटॉपला, लॅपटॉप चार्जरला, चार्जर भिंतीत. झालं! परतीची वाट घराच्या वायरिंगने आयती दिली. लॅपटॉपच्या सिरीयल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाकडून आलेला मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, अक्षरं धडाधड येतात, टाळ्या पडतात. दोन्हीकडे वेगळ्या बॅटऱ्या लावा, मग बोला. असे प्रोजेक्ट बहुतेक तिथेच बंद पडतात.

सोल्डर_भिया
घ्या! म्हणजे देखावाच.

अर्थिंग_आधी
देखावा नाही, अवघड आहे. आणि अवघड आहे म्हणूनच प्रोजेक्टला चांगलं. फक्त तो क्षीण सिग्नल वाढवायला एलएम३५८ ही अ‍ॅम्प्लिफायर चिप लावू नका. सिग्नल ५०० किलोहर्ट्झचा ठेवला तर तिथे तिचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, संपलेला असतो; बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या दोन स्टेज बऱ्या. आधी कमी फ्रिक्वेन्सी अडवणारा हाय-पास फिल्टर हवाच, नाहीतर घरच्या विजेमुळे अंगावर गोळा होणारा ५० हर्ट्झचा गुणगुणाट सगळं गिळतो.

लोकमान्यनगरच्या_काकू
मला त्यातलं फार कळत नाही, पण अंगातून करंट सोडायचा आणि तो पोरांनी? आमच्या ह्यांना पेसमेकर आहे.

अर्थिंग_आधी
काकू, काकांना ह्यापासून लांबच ठेवा, त्यात चर्चा नको. बाकीच्यांसाठी करंट अगदी नगण्य. चरबी मोजणारा वजनकाटा तळपायांतून ५० किलोहर्ट्झचा करंट सोडतो, तोही एक मिलिअँपिअरहून कमी, आणि हा त्याच्याही पुष्कळ खाली. मात्र टेपच्या पॅडला सिरीजमध्ये कपॅसिटर हवा आणि पॉवर बॅटरीचीच. चार्जरवर चालणारा बोर्ड अंगाला लावलेला दिसला तर मी तरी प्रोजेक्ट नापास करेन.

रामबाग_रिले
बघा, बॅटरी लावली की सुरक्षितता आणि खरी टेस्ट, दोन्ही कामं होतात. मी म्हणतोय ते उगाच नाही.

सोल्डर_भिया
ठीक. मग व्हायव्हाला एक्झामिनरला दाखवणार काय? कॉलेजचा भिंतीतल्या विजेवरचा स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावला की प्रोबच्या क्लिपमधून अर्थ आलाच की परत.

अर्थिंग_आधी
पहिला कामाचा प्रश्न. बॅटरीवरचा हातात मावणारा स्कोप आणा. नसेल तर रिसीव्हरवर एलईडी ठेवा आणि एक्झामिनरलाच हात लावायला सांगा.

सोल्डर_भिया
आणि ते घाबरले तर?

लोकमान्यनगरच्या_काकू
आधी पेसमेकर आहे का ते विचारा.