पुढचा ब्रेक धरून ठेवतोय, मग केबल सैल करा? हा सल्ला कृपया देऊ नका

यवतेश्वरकर:
काल इथं एका पोरानं विचारलं होतं, "जुन्या येझदी मोटारसायकलचं पुढचं चाक ब्रेकचा लिव्हर न दाबताही जड फिरतंय, चाकाच्या मधला हब तापतोय, काय करू?" त्यावर पोवईनाका यांनी लिहिलं, "हँडलपाशी केबलचा ॲडजस्टर दोन आटे सैल कर. दोन मिनिटांचं काम, मिस्त्रीला पैसे देऊ नकोस." खाली अंगठ्यांची रांग लागली. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी १९८५ ची राजदूत ३५०. पुढं ड्रम ब्रेकच, म्हणजे हबच्या आत शू पसरून ड्रमला आतून दाबतात. पण दोन कॅमवाला (कॅम म्हणजे वळून शू पसरवणारी खुंटी), दोन्ही शू लीडिंग, म्हणजे चाकाच्या फिरण्यानं आणखी घट्ट धरणारे. चाक जड वाटत होतं, तेव्हा मीही हेच केलं होतं, केबल सैल. चाक थोडं मोकळं वाटलं. पुढच्या रविवारी बायकोला घेऊन कासला गेलो. परत येताना यवतेश्वर घाटात तिसऱ्या वळणाला जळका वास आला. लिव्हर दाबला तर थेट ग्रिपला टेकला. टू-स्ट्रोक गाडी, गिअर पाडला तरी इंजिन किती धरणार? मागच्या ब्रेकवर कशीबशी डोंगराच्या बाजूला गटारीत घातली. हबवर बाटलीतलं पाणी टाकलं तर चर्रर्र झालं. बायको त्यानंतर वर्षभर त्या गाडीवर बसली नाही.

घरी चाक काढलं. एका कॅमचं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं. कॅम वळत होता, पण परत येत नव्हता. आता सांगा, कॅमच मागं येत नसेल तर केबल सैल करून शू मागं कसे येणार? शू ड्रमला घासत राहतात, तुमच्या लिव्हरची चाल तेवढी वाढते. म्हणजे रोग तसाच आणि वर ब्रेकही कमी.

पोवईनाका:
साहेब, माझं अर्धंच वाक्य उचललंत. मी त्याला आधी विचारलं होतं, "नवीन शू टाकलेत का?" तो हो म्हणाला. शूवरचा लायनर झिजत जातो तशी माणसं केबल ताणत जातात, आणि नवे शू बसवल्यावर ती सैल करायची विसरतात. साताऱ्यात माझ्याकडं चाक जड म्हणून येणाऱ्या गाड्यांत हेच जास्त असतं. त्याला हब उघडायला लावला असता तर त्यानं शूच्या स्प्रिंगा उलट्या लावल्या असत्या आणि वॉशर हरवला असता. सोपं आधी बघायचं, अवघड नंतर. तुम्ही घाटात घाबरलात म्हणून सगळ्यांनी चाक काढायचं का?

यवतेश्वरकर:
"नवीन शू टाकलेत का" हा प्रश्न तुमच्या उत्तरानंतर चाळीस मिनिटांनी आलाय, वर जाऊन बघा. आणि घाबरलो, हो. मागं बायको बसली होती.

कृष्णाकाठ:
सांगलीतून लिहितोय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गल्लीत छाती बुडेल एवढं पाणी होतं. वडिलांची येझदी पाच दिवस पाण्याखाली. इंजिन आम्ही लगेच उघडलं, पण ब्रेककडं कुणाचं लक्ष गेलं नाही. महिन्याभरानं पुढचं चाक हातानं फिरेना.

तेव्हा एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं जे केलं ते सांगतो, त्यात दोघांचंही उत्तर आहे. त्यानं ॲडजस्टरला हात लावला नाही. खाली ब्रेकच्या आर्मपाशी, म्हणजे केबल ओढून कॅम वळवते त्या दांड्यापाशी, केबल सोडवली आणि चाक फिरवलं. केबल सोडल्यावर चाक मोकळं झालं तर दोष केबलचा, नाही झालं तर दोष आत. आमचं तरीही जडच. मग त्यानं आर्म हातानं ढकलून सोडला, तो गेला तिथंच राहिला. कॅम बसतो ती प्लेट ॲल्युमिनियमची, कॅम लोखंडाचा, मधे पुराचं पाणी. पांढरी पूड धरून दोन्ही एकजीव झालेले. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून, लाकडी दांड्यानं ठोकून कॅम काढला. पॉलिश पेपर मारून उजळवला आणि बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावलं. जास्त लावलं की तापून शूवर उतरतं.

केबलही गेलीच होती, आऊटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या नळीत, गंज. म्हणजे आमच्याकडं दोन्ही रोग एकत्र. तेव्हा आधी केबल सोडून बघा, मग भांडा.

पोवईनाका:
केबल खालून सोडून बघायची, हे मान्य. ते मी लिहायला हवं होतं. बाकी मुद्दा सोडत नाही.

मिरजकर लेथ:
तुम्ही सगळे कॅम आणि केबलवरच अडकलात. चाक पूर्ण फेऱ्यात सारखंच जड आहे, की एका ठिकाणी "खस्स" करून पुढं मोकळं होतंय? हे कुणीच विचारलं नाही. एका जागी घासत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय.

हल्ली पोरं रिमला क्रोम करून आणतात, नवे स्पोक टाकतात आणि दिसेल तसे आवळतात. आवळताना स्पोक हबला ओढतात, ड्रमचा गोल बिघडतो. मग माझ्याकडं नुसता हब घेऊन येतात, "ड्रम मारून द्या," म्हणजे लेथवर आतून कातून गोल करून द्या. स्पोक काढल्यावर हब परत वेगळा होतो, त्यावर मारून काय उपयोग? आधी चाक विणा, रिमचा आऊट, म्हणजे हेलकावा, काढा, टायर काढून अख्खं चाक आणा, मग मारतो. अठरा इंची रिम फिरेल एवढा लेथ असलेलं दुकान शोधा आणि कमीत कमी माल काढायला सांगा. ड्रम पातळ झाला की नंतर काहीच करता येत नाही.

आणखी एक फुकटचं काम सांगतो. चाक बसवताना ॲक्सलचा नट अर्धवट ठेवा, चाक फिरवा, ब्रेक जोरात दाबा आणि दाबलेला असतानाच नट आवळा. शू ड्रमच्या मधोमध बसतात. पुष्कळ गाड्यांचं जड चाक एवढ्यानंच सुटतं.

डिस्कवाला:
हे सगळं कशासाठी? पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारे दांडे, आणि चाक नव्या गाडीचं टाका, डिस्क ब्रेक बसवा, विषय संपला. जीव वाचतो. १९८५ चा ड्रम आजच्या हायवेच्या वेगाला कुठं पुरतो? मी माझ्या १९७२ च्या बुलेटला बसवलीय. खंबाटकी उतरताना एका बोटानं थांबते.

जुनंसोनं:
झालं! पन्नास वर्षं जपलेल्या गाडीचा फोर्क कापून काढायचा आणि म्हणायचं जुनी गाडी. तुमची बुलेट आता व्हिंटेजमध्ये नोंदवून दाखवा. २०२१ च्या नियमात गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात हवी असं लिहिलंय. वीस हजार भरायला जाल आणि हात हलवत परत याल.

डिस्कवाला:
नियम नीट वाचा. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन बदललेलं नसावं असं आहे. ब्रेकचा शब्द नाही.

जुनंसोनं:
अख्खा फोर्क बदलला म्हणजे पुढचा भाग मूळचा राहिला का? तपासणीवाल्यांसमोर हा वाद घालून बघा.

पेन्शनर सदरबझार:
तुम्ही दोघंही एक गोष्ट विसरताय. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढंच. मी माझी १९६८ ची जावा घेऊन रोज मंडईत जातो. मी तिची नोंदणी व्हिंटेजमध्ये करणार नाही, साधी फेरनोंदणीच करत राहणार. पासिंगला दरवेळी माझ्याकडून वरचे पैसे मागितले गेले, तेही सांगून ठेवतो. ब्रेक ओके आहे का हे मात्र एकानंही चाक उचलून बघितलं नाही. नुसता चासी नंबर पेन्सिलनं उतरवला आणि सही.

जुनंसोनं:
काका, मग तुम्ही तरी मूळ ब्रेकवरच आहात ना?

पेन्शनर सदरबझार:
मूळ ब्रेक आहे, पण मंडईपर्यंतच. घाट मी दहा वर्षांपूर्वीच सोडला.

डिस्कवाला:
म्हणजे माझंच बरोबर.

जुनंसोनं:
अजिबात नाही! ड्रम नीट असेल तर पसरणीचा घाट आरामात उतरतो, मी उतरतोय. तुमच्यासारखे लोक मूळ पार्ट भंगारात घालतात म्हणून तर आम्हाला मिळत नाहीत. जावा-येझदीचा मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, तेव्हापासून प्रत्येक हबप्लेटसाठी चोरबाजार धुंडाळतोय. तुम्ही काढलेल्या फोर्कचं काय केलंत?

डिस्कवाला:
विकला.

जुनंसोनं:
बोलणंच खुंटलं.

विश्रामबागची:
तुमचं भांडण चालू द्या, पण मूळ पोरासाठी एक सांगते. हब उघडलास तर आतली काळी पूड तोंडानं फुंकू नको, कॉम्प्रेसरनंही उडवू नको. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पूस आणि फडकं पिशवीत बांधून टाक. माझ्या वडिलांनी तीस वर्षं गॅरेजात हवा मारूनच ड्रम साफ केले. शेवटची चार वर्षं घरात ऑक्सिजनचं नळकांडं होतं. डॉक्टर कारण नक्की सांगू शकले नाहीत, पण मला ती हवेची नळी आणि उडणारी पूड अजून डोळ्यांसमोर दिसते.

यवतेश्वरकर:
ताई, हे वर यायला हवं होतं. मीही हवाच मारली होती. यापुढं नाही.

पोवईनाका, तुमच्यासाठी अजून एक. माझ्यासारखे दोन कॅम असले की त्यांना जोडणाऱ्या मधल्या लिंक रॉडची लांबीही बघावी लागते. एक शू आधी टेकतो आणि एकटाच घासत राहतो. लॉकनट सोडून दोन्ही शू एकाच वेळी टेकतील अशी लांबी करायची. केबल सैल करून हे कधीच सुटणार नाही.

पोवईनाका:
तुमची राजदूत, त्याची येझदी. त्याला एकच कॅम आहे, उगाच घाबरवू नका. पण काल संध्याकाळी त्यालाच फोन केला. खालून केबल सोडायला लावली. चाक मोकळं झालं नाही.

यवतेश्वरकर:
मग?

पोवईनाका:
मग काय, आर्म ढकलला तर तिथंच राहिला. कॅम. घ्या. त्याला रविवारी सकाळी गाडी ढकलत माझ्याकडं आणायला सांगितलंय, चालवत नाही. चाक मी काढतो. तुमच्याकडं कॅम ठोकायचा लाकडी दांडा असला तर घेऊन या.

कृष्णाकाठ:
शनिवारी रात्रीच प्लेट रॉकेलमध्ये टाका, नाहीतर रविवार त्यातच जाईल.