मायच्या ऑपरेशनला पाठीतून भूल, कोणी सांगेल का?

माय ६८ वर्षांची, खुब्याचं हाड मोडलंय, लातूरला ऑपरेशन आहे. बीपी शुगर दोन्ही. भूलतज्ज्ञ म्हणायलेत पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर करू, अन् शेजारच्या बाया म्हणायल्यात त्यानं जन्मभर पाठ दुखते. खरंय का?

ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर: नाही हो ताई, सुई एकदम बारीक असते, जागेवर दोनचार दिवस दुखू शकतं, जन्मभर नाही. काहींचं नंतर डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त, तसं झालं तर लगेच सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच डॉक्टरच्या कानावर घाला, त्यावर पाठीत सुई द्यायची का नाही हे ठरतं. अन् उपाशी म्हणजे उपाशी! जेवण, दूध, दुधाचा चहा ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, तरी तुमचे डॉक्टर सांगतील तेच. नातेवाईक मायेनं चोरून चहा पाजतात, मग उलटी फुफ्फुसात जायची भीती.

नांदेडकर: तंबाखूची मिश्री लावतात का आई? लपवू नका, सांगा. शुगरच्या गोळीचंही विचारा, त्या दिवशी उपाशीपोटी घ्यायची का नाही.

प्रश्नकर्ती: लावते की मिश्री, अन् रक्त पातळ व्हायची गोळी पण आहे! आत्ताच जाऊन सांगते.