प्रतिसाद: वाचनाची सुरुवात बातम्यांपासून नको

जपानी शिकताना पाठ केलेले शब्द आणि कांजी (जपानी लेखनातील चिनी मूळाची अक्षरे) आठवड्याभरात विसरतात, या एका शिकणाऱ्याच्या तक्रारीवर चर्चेत आधी सुचवलेल्या एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या बातम्या उपयुक्त असल्या, तरी अगदी नवशिक्यासाठी त्या जडच आहेत, असे माझे मत आहे. त्याआधी 'तादोकु' संस्थेच्या संकेतस्थळावरील विनामूल्य श्रेणीबद्ध गोष्टी वाचाव्यात; शून्य पातळीवर चित्रेच बराचसा अर्थ सांगतात आणि कांजीवर उच्चार छापलेला असतो. 'जन्म' दर्शवणारी कांजी 'सेन्सेइ'मध्ये (शिक्षक) 'सेइ', 'तान्ज्योबी'मध्ये (वाढदिवस) 'ज्यो' आणि 'उमारेरु'मध्ये (जन्मणे) नुसती 'उ' वाचली जाते, हे तक्ता घोकून नव्हे, तर ती वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटल्यानेच अंगवळणी पडते. मात्र कांजीवरचा उच्चार आयता दिसत असला की नजर तिथेच रेंगाळते. म्हणून दुसऱ्या वाचनात तो झाकावा. शब्दकोश शक्यतो मिटलेलाच बरा.