मारहाण होत नसली, तरी याला क्रूरता म्हणावे का?

प्रश्न (पायवाट): आमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा दिवसभर हातभर साखळीने खांबाला बांधलेला असतो. त्याला कोणी मारत नाही, दोन वेळा खायलाही मिळते. मात्र पाण्याचे भांडे बहुतेक वेळा उलटलेले असते, दुपारचे ऊन थेट अंगावर येते आणि गळपट्ट्याखालचे केस जाऊन कातडी लाल झाली आहे. पूर्वी तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकत असे, आता मानही वर करत नाही. मालकांच्या मते तो शहाणा झाला आहे. याला क्रूरता म्हणता येईल का, आणि शेजारधर्म न मोडता काय करता येईल?

प्रतिसाद (वैद्यबुवा): निःसंशय म्हणता येईल. मालकाच्या मनात काय आहे यापेक्षा प्राण्याच्या वाट्याला काय येते, हे पाहायला हवे. ब्रिटनमध्ये 1965 साली ब्रँबेल समितीने गोठ्यातल्या आणि खुराड्यातल्या जनावरांसाठी अगदी साधी अपेक्षा मांडली होती: त्यांना उभे राहता, आडवे होता, वळता, अंग स्वच्छ करता आणि हातपाय ताणता यावेत. त्यातूनच पुढे भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, भीती व ताण यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक, अशी पाच स्वातंत्र्ये मान्य झाली. तुम्ही वर्णन केलेल्या कुत्र्याला यांतले पोटभर अन्न सोडल्यास फारसे काही मिळत नाही.

उन्हाचा मुद्दा सर्वांत तातडीचा आहे. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गादीतून, त्यामुळे शरीर थंड ठेवण्यासाठी त्याची सारी भिस्त धापा टाकण्यावर असते. पाणी आणि सावली दोन्ही नसतील आणि शरीराचे तापमान 41 अंश सेल्सियसच्या वर गेले, तर ते जिवावर बेतू शकते.

राहिला प्रश्न ‘शहाणपणाचा’. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, टाळता न येणारे विजेचे धक्के सोसलेल्या कुत्र्यांपैकी बहुतेकांनी पुढे सुटकेची वाट मोकळी असूनही धडपड केली नाही. (ते ज्ञान मिळवण्याची रीतही क्रूरच होती, हे नमूद केले पाहिजे.) तुमच्या शेजारचा कुत्राही असाच हताश झालेला असू शकतो. हे गप्प होणे आजारपणामुळेही असू शकते, म्हणून तपासणी हवीच, समाधान मानण्यासारखे त्यात काहीच नाही.

प्रतिसाद (जुना गडी): थोडा वेगळा सूर लावतो. राखणीचा कुत्रा, ओझ्याचे गाढव, नांगराचा बैल ही कामाची जनावरे आहेत आणि त्यांना बांधावे लागते. गळ्यातल्या प्रत्येक दोराला क्रूरता म्हटले, तर जनावर पाळणारी साधी माणसे तुमचे ऐकणेच सोडून देतील. मात्र बांधणे वेगळे आणि बांधून विसरणे वेगळे. गळ्याची जखम रोज समोर दिसत असताना गळपट्टा सैल न करणाऱ्याची बाजू मीही घेणार नाही.

प्रतिसाद (सावली): बोलताना ‘क्रूरता’ हा शब्द टाळावा, कारण तो ऐकताच माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. ‘गळ्याला जखम झाली आहे, आपण पशुवैद्यांना दाखवू या’ असे म्हटले, तर नकार देणे अवघड जाते. सोबत जड बुडाचे भांडे द्यावे, जागा सावलीत हलवण्यास हातभार लावावा आणि जमल्यास संध्याकाळी फिरवण्याची तयारी दाखवावी. एवढे करूनही जखमेवर उपचार झाले नाहीत, तर तारखेसह छायाचित्रे जपून ठेवून प्राणिकल्याण संस्थेकडे किंवा पोलिसांकडे तक्रार करण्यात संकोच बाळगू नये.

पायवाट: आभारी आहे. तोवर मीच गळपट्टा काढून टाकू का?

वैद्यबुवा: नको. गळपट्टा कातडीत रुतला असेल, तर ओढताना जखम फाटेल आणि वेदनेने बिथरलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावेल. आज मालकांना सांगून फक्त पाणी आणि आडोसा द्या. गळपट्टा पशुवैद्यांनाच काढू द्या.