शब्दचर्चा: रिलॅक्सर सोडलेल्या केसांना ‘नैसर्गिक’ म्हणावं का? (मुळाक्षर, फणी, रसशाळा आणि गुंतवळ ही चर्चेत बोलणाऱ्यांची टोपणनावं)

मुळाक्षर

रिलॅक्सर, म्हणजे केस कायमचे सरळ करणारं रासायनिक क्रीम, सोडून मूळचा कुरळेपणा वाढवणाऱ्यांसाठी केसांच्या निगेचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. सूचना भलत्याच अर्थानं घेतल्या जाऊ नयेत म्हणून आधी शब्द पक्के करायचे आहेत. अडलेले शब्द असे: नॅचरल हेअर, रिलॅक्सर, ट्रान्झिशन, शेडिंग आणि ब्रेकेज, पोरॉसिटी, श्रिंकेज, सीलिंग, डीटँगल. ‘नैसर्गिक केस’, ‘सच्छिद्रता’, ‘संक्रमण’ हे कोशातले शब्द हाताशी आहेत, पण वाक्यात घातले की काहीतरी निसटतं.

फणी

निसटतं ते पहिल्याच शब्दात. ‘नॅचरल’ हा शब्द या अर्थानं आफ्रिकन-अमेरिकन बायकांच्या बोलण्यातून आला. १९६० च्या दशकात ‘ब्लॅक इज ब्युटिफुल’ म्हणणाऱ्या पिढीनं तो अभिमानानं वापरला. अर्थ एवढाच: ज्या केसांचा पीळ रसायनानं कायमचा बदललेला नाही ते केस. त्यांना काय लावता याच्याशी त्याचा संबंध नाही. मराठीत ‘नैसर्गिक’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जडीबुटी येते. मग ‘नैसर्गिक केसांची निगा’ याचा अर्थ ‘झाडपाल्यानं निगा’ असा होतो आणि चांगला कंडिशनर कृत्रिम म्हणून बाजूला पडतो.

मी ‘मूळ पोताचे केस’ म्हणेन. ‘पोत’ कापडासाठी रुळलेला आहे आणि केसांनाही चपखल बसतो. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये केसांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध ‘क्राउन’ कायदा केला, त्याच्या व्याख्येतही केसांचा पोतच येतो.

रसशाळा

‘रिलॅक्सर’ला ‘केस मऊ करणारं क्रीम’ लिहू नका. तेवढ्या एका चुकीतून ‘आता कोणतं तेल लावलं की कुरळेपणा परत येईल?’ हा प्रश्न जन्माला येतो. केसातल्या प्रथिनांच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. सोडियम हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर अत्यंत अल्कधर्मी असतो, पीएच १२ ते १४. तो हे बंध तोडतो, दोन गंधकांपैकी एक निघून जातो आणि नवा, वेगळाच बंध तयार होतो. जुना बंध परत जुळत नाही. म्हणजे सरळ झालेला केस सरळच राहणार, कुरळा येणार तो फक्त मुळाशी वाढलेला नवा केस. म्हणून पत्रकात ‘रिलॅक्सर’ हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘केसांचा पीळ कायमचा मोडणारं क्रीम’ असा खुलासा द्या.

सगळ्याला ‘स्ट्रेटनिंग’ म्हणायची सवय आहे, ती इथे धोक्याची ठरते. अमोनियम थायोग्लायकोलेटवर चालणारी प्रक्रिया वेगळी. तिचा पीएच ९ च्या आसपास असतो, बंध उघडून नंतर न्यूट्रलायझरनं पुन्हा जोडले जातात. हायड्रॉक्साइड लावलेल्या केसांवर थायो, किंवा उलट, चढवलं तर केस तुटून हातात येतात. ‘आधी स्ट्रेटनिंग केलं होतं’ एवढ्यावर कुणी पुढची प्रक्रिया ठरवू नये, ‘कोणतं?’ हे विचारायलाच हवं.

तसंच ‘नो-लाय’ रिलॅक्सर (‘लाय’ म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड). याचं ‘सौम्य’ असं भाषांतर सर्रास दिसतं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड नसतं हे खरं, पण दोन भाग मिसळून ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार होतं आणि तेही तीव्र अल्कधर्मीच. शिवाय केसांवर कॅल्शियमचा थर बसतो. रिलॅक्सर सोडल्यावरही जुने केस राठ, निस्तेज लागतात त्याचं हे एक कारण असू शकतं. एरवीच्या शॅम्पूनं तो थर जात नाही, ईडीटीए असलेला कीलेटिंग, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार धरून काढणारा, शॅम्पू महिन्यातून एकदा वापरावा आणि त्यानंतर कंडिशनर चुकवू नये.

मुळाक्षर

हे दोन्ही पटलं. मग ट्रान्झिशन? नवे केस वाढेपर्यंतच्या काळाला ‘संक्रमण’ फार जड होतं.

फणी

‘वाढीचा काळ’ पुरे. त्याहून महत्त्वाचा शब्द हवा आहे तो जुना आणि नवा केस जिथे मिळतो त्या जागेला. इंग्रजीतल्या ‘लाइन ऑफ डिमार्केशन’ची ‘सीमारेषा’ करू नका. ‘सांधा’ म्हणा. सांधा निखळतो, सांध्याला जपावं लागतं, हे सांगावं लागत नाही. रेषेला कोण जपतं?

केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. वर्षभरात १२ ते १५ सेंटिमीटर पिळदार नवी वाढ आणि तिच्या टोकाला लोंबणारा, अशक्त झालेला सरळ केस. कंगव्याचा ताण नेमका सांध्यावर येतो. म्हणून सूचना अशी लिहावी: केसांचे ४ ते ६ भाग करून चिमटे लावा. एका वेळी एकच भाग सोडा. कंडिशनर चोपडा, अगदी निसरडं लागेपर्यंत. सांध्याच्या जरा खाली बट चिमटीत घट्ट धरा आणि खालचा भाग शेंड्यापासून वर वर येत सोडवा. चिमटीमुळे ओढ सांध्यापर्यंत पोचत नाही.

एकदम कापायचे असतील तर केस ओले करून कापावेत. पाणी लागलं की नवी वाढ वळ्या घेते आणि जुना केस सरळ लोंबतो, सांधा डोळ्यांना दिसतो. कोरड्या केसांत तो कळत नाही, मग सरळ शेंडे मागे राहतात आणि कुरळ्या बटेच्या टोकाला काड्यांसारखे दिसतात. हळूहळू जायचं असेल त्यांनी दर ६ ते ८ आठवड्यांनी १ ते २ सेंटिमीटर शेंडे कापावेत. ‘बिग चॉप’ला मात्र मराठी शब्द शोधत बसू नका. ‘सरळ केलेला सगळा भाग कापून टाकणं’ हे वाक्यच बरं.

गुंतवळ

‘केस गळतात’ या दोन शब्दांत मराठी माणूस दोन वेगळ्या तक्रारी कोंबतो, इथे ते चालणार नाही. ‘गळणं’ किंवा ‘झडणं’ म्हणजे केस मुळापासून सुटणं. त्याच्या एका टोकाला बारीकसा पांढरा कंद दिसतो आणि लांबी पूर्ण असते. दिवसाला ५० ते १०० केस असे जाणं नेहमीचं. ‘तुटणं’ म्हणजे मधूनच मोडणं. तुकडे आखूड, वेगवेगळ्या लांबीचे, कंद नाही.

वाढीच्या काळात भीती असते ती तुटण्याची, आणि लोक उपाय करतात गळण्यावरचे: टाळूला तेल, टाळूला चोळणं. सांध्यावर मोडणाऱ्या केसाला त्याचा काय उपयोग? पत्रकात दोन्ही शब्द शेजारी ठेवा आणि कंद पाहायला सांगा. कंगव्यातली गुंतवळ पांढऱ्या कागदावर पसरली की दोन मिनिटांत निकाल लागतो. केस वेणीत आठ दिवस बांधलेले असतील तर सोडताना आठ दिवसांची गळ एकदम हातात येते, हेही लिहा. नाहीतर माणूस घाबरून पुन्हा रिलॅक्सरकडे वळतो.

तुटत असतील तर पुढची पायरी: ओला केस दोन बोटांत धरून हलके ताणा. धडधाकट केस मूळ लांबीच्या सुमारे ३० टक्के ताणून परत येतो. ताणतच जातो, लिबलिबीत लागतो आणि परत येत नाही, त्याला हायड्रोलाइज्ड (बारीक तुकडे केलेली) प्रथिनं असलेला मास्क महिन्या-दीड महिन्यातून एकदा द्यावा. न ताणता कट्‍कन तुटतो आणि हाताला काडीसारखा लागतो, त्याला प्रथिनं थांबवून नुसता कंडिशनर द्यावा. ‘केसांना पोषण द्या’ हे वाक्य पत्रकातून काढूनच टाका. वाढलेल्या केसाला जीव नसतो, तो पोषण घेत नाही. आणि ‘पोषण’ या एका शब्दाखाली प्रथिनं आणि ओलावा दोन्ही खपतात, नेमकं उलट औषध लागू होतं.

मुळाक्षर

पोरॉसिटी = सच्छिद्रता, यावर कुणाचा आक्षेप?

रसशाळा

माझा. छिद्र म्हटलं की ते बुजवायची घाई होते. केसाला भोकं नसतात, त्यावर खवले असतात, कौलांसारखे एकावर एक. खवले चपटे बसले की पाणी वरून ओघळतं, उचकटले की आत शिरतं आणि तितक्याच लवकर बाहेरही पडतं.

फणी

मग सरळ ‘केस पाणी किती पितात’ असं म्हणा. भिंत पाणी पिते, माती पिते, तसाच केस. ‘कमी पिणारे’ आणि ‘जास्त पिणारे’ केस. नामच हवं असेल तर ‘शोषकता’.

रसशाळा

‘पाणी पिणं’ उत्तम. याचं कारण असं की रिलॅक्सर सोडलेल्यांच्या एकाच केसाला दोन स्वभाव असतात. मुळाकडचा नवा भाग बहुधा कमी पितो, शेंड्याकडचा रिलॅक्स केलेला भाग घटाघटा पितो आणि लगेच कोरडा पडतो. मुळाकडे पातळ, पाण्यासारखं लीव्ह-इन (धुवून न टाकता केसांतच ठेवायचं कंडिशनर) हवं आणि कंडिशनर लावल्यावर टोपी घालून १५ ते २० मिनिटं ऊब द्यायला हवी. शेंड्यांना जाडसर क्रीम हवं. डोकंभर एकच काहीतरी फासलं तर वर चिकटा, खाली रखरख.

केस पाण्याच्या पेल्यात टाकून तरंगतो की बुडतो हे पाहायची चाचणी पत्रकात घेऊ नका. केसावर तेलाचा अंश असला किंवा हवेचा बुडबुडा चिकटला की तो तरंगतोच. धुतलेल्या, कोरड्या बटेवर पाण्याचा फवारा मारा आणि दोन-तीन मिनिटांनी थेंब मण्यांसारखे वर उभे आहेत की मुरले ते पाहा.

गुंतवळ

सीलिंगसाठी ‘रोखणं’. इथेही आपली जुनी समजूत आड येते: तेल लावलं म्हणजे केसाला ओलावा मिळाला. तेलात पाणी नाही, ते ओलावा देणार कुठून? ‘ओलावा’ पाण्यातून आणि पाणी असलेल्या लीव्ह-इनमधून येतो, तेल तो रोखतं. कोरड्या केसांवर तेल घातलं तर केस चकचकीत दिसतात आणि आत कोरडेच राहतात.

क्रम असा लिहा. धुतल्यावर केस जुन्या मऊ सुती बनियनसारख्या कापडानं टिपा, टॉवेलनं खसाखसा पुसू नका. पाणी निथळायचं थांबलं पण केस ओलसर आहेत, तेव्हा खांद्यापर्यंतच्या दाट केसांना एकूण २ ते ३ चहाचे चमचे लीव्ह-इन, भागाभागानं. वर तेल अर्धा ते एक चमचा, तळहातावर पसरून, शेंड्यांना आधी. टाळूला यातलं काही लागायची गरज नाही.

खोबरेल वेगळं आहे. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, म्हणून ते धुण्याच्या आधी अर्धा-एक तास लावण्यात अर्थ आहे. एरंडेल जाड, ते रोखायच्या कामाचं, पण थेंब मोजून. रोज थापलं की राप बसतो. ‘बिल्ड-अप’ला हा ‘राप’ शब्द मला फार आवडतो, ‘साठा’पेक्षा कितीतरी नेमका. राप बसलेल्या केसावर पाणी टिकत नाही, मग माणूस कोरडेपणा समजून आणखी क्रीम लावतो. अशा वेळी आधी शॅम्पू.

मुळाक्षर

श्रिंकेजला ‘आटणं’ लिहिलं होतं.

फणी

दूध आटतं, विहीर आटते, धुतलेलं कापड आटतं. यातलं काहीच आपणहून परत येत नाही. केस तर ताणला की पुन्हा लांब. ‘आखडणं’ घ्या. २० सेंटिमीटर केस वाळल्यावर ६-७ सेंटिमीटर दिसू शकतो आणि ‘केस वाढतच नाहीत’ असा समज होतो. लांबी मोजायची ती बट पूर्ण ताणून, दर वेळी डोक्यावरच्या त्याच जागेवरची. कमी आखडावेत असं वाटत असेल तर ओलसर केसांच्या ६ ते ८ सैल वेण्या घालून पूर्ण वाळू द्याव्यात. अर्धवट ओल्या सोडल्या तर मेहनत वाया जाते.

गुंतवळ

डीटँगलला ‘विंचरणं’ नको. विंचरणं म्हटलं की हात मुळाकडून शेंड्याकडे फिरतो, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे ती. कुरळ्या केसांत त्यानं प्रत्येक गुंता खाली सरकत एक मोठा गोळा होतो. ‘गुंता सोडवणं’ म्हणा. सोडवताना हात आपोआप गाठीपाशी थांबतो. आधी बोटांनी, मग रुंद दात्यांच्या कंगव्यानं, कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत.

एकाच केसाची स्वतःभोवती बसते ती बारीक गाठ, तिला आपल्याकडे आयता शब्द आहे: निरगाठ. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ ओढली की आवळते. तिच्याशी झटू नये, गाठीच्या जरा वर धारदार कात्रीनं केस कापावा. स्वयंपाकघरातली कात्री नको, बोथट पात्यानं शेंड्याला फाटे फुटतात.

मुळाक्षर

शेवटचं. ‘प्रोटेक्टिव्ह स्टाइल’खाली ‘घट्ट वेण्या घाला’ असं आलं आहे.

गुंतवळ

‘घट्ट’ खोडा. मराठीत घट्ट वेणी ही कौतुकाची गोष्ट आहे, म्हणून वाचणारी आणखी ओढेल. ‘राखणीच्या वेण्या, सैल’ असं लिहा. भुवया वर खेचल्यासारख्या वाटल्या, मुळाशी पुटकुळ्या आल्या किंवा ठणकलं तर त्याच दिवशी सोडायच्या. ओढीनं कानशिलांपाशी आणि कपाळाच्या कडेला केस विरळ होतात आणि ओढ वर्षानुवर्षं चालली तर तिथे परत येत नाहीत. ६ ते ८ आठवड्यांच्या वर त्या ठेवू नयेत, आणि शेंडे आत दुमडून ठेवावेत. झोपताना सॅटिनचा रुमाल. सुती उशी ओलावाही टिपते आणि घासतेही.