ट्रंक शोधायला गेले आणि हत्ती सापडला

नीलमोहोर
काल रात्री आईने विचारलं, "आपल्या ट्रंकेचा एखादा फोटो आहे का गं तुझ्याकडे?" पत्र्याची, हिरवी, बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने आजोबांचं नाव. ट्रंक भंगारात जाऊन जमाना झाला. जुने फोटो मी मागेच स्कॅन करून फोनमध्ये घातलेत, म्हणून शोधमध्ये 'ट्रंक' टाकलं. आधी आला हत्ती. मग अजून एक हत्ती. मग झाडाच्या बुंध्याला मिठी मारलेली माझी लेक, आमच्या गाडीची उघडी डिकी आणि पोहायच्या चड्डीतले आमचे दीर (त्यांना लगेच पाठवला). ट्रंक नाहीच.

मग हाताने शोधत बसले. ट्रंकेचा असा फोटो कुणी काढलेलाच नाही हो. कुणाच्या तरी पायामागे नुसता कोपरा दिसतो. त्यातल्या त्यात बरा म्हणजे आजोबा टेबलाशी लिहीत बसलेत आणि मागे ती अर्धी अंधारात आहे. आजोबांचा हा एकच फोटो. आई दीड वर्षाची असताना ते गेले. डाव्या हातात टाक आहे, त्यामुळे लेक डावखुरी निघाली तेव्हा सगळे म्हणाले, पणजोबांवर गेली.

ट्रंकेचं झाकण एकदा माझ्या बोटावर आपटलं होतं, नख अजून वाकडं आहे. तेवढाच पुरावा उरलाय. तुमच्या फोटोंत कुठल्या ट्रंका निघतात ते लिहा. पेटी, सोंड, खोड, काहीही चालेल.

खारूताई
मी पहिली! माझ्याकडे हत्तीच्या पिल्लाचा आहे, सोंड तोंडात घालून चोखतंय. पोरं अंगठा चोखतात तसं. सुरुवातीचे काही महिने त्यांना सोंडेचं काय करायचं तेच कळत नाही, स्वतःच्याच सोंडेवर पाय देतात. हाड एक नाही आणि स्नायूंच्या जुड्या हजारोंनी, कळणार कसं? मला दोन हात धड सांभाळता येत नाहीत. कुकर झाला, येते नंतर.

बिनपगारी
'धड' म्हणजे पण ट्रंकच! फिजिओच्या बाईंनी मला 'रोज दहा वेळा ट्रंक फिरवा' सांगितलं होतं. मी घरी येऊन माळ्याकडे बघत बसलो. पेटी फिरवायला कंबर जागेवर असती तर त्यांच्याकडे गेलो कशाला असतो?

पायवाट
आम्हा ट्रेकवाल्यांत सोंड डोंगराला असते, खाली उतरत जाणारी धार. ग्रुप फोटोखाली लिहिलं, 'मागची सोंड उतरून आलो'. आत्याने झूम करकरून हत्ती शोधला. मग फोन केला, "इतक्या जवळ जाऊ नये रे जनावराच्या."

खारूताई
@पायवाट 😂😂 आत्याला माझा नमस्कार सांगा

जुनी_रीळ
खोडाचं माझ्याकडे आहे. चुलतभावाने शाळेत असताना एका झाडावर नाव कोरलं, त्याच्या छातीएवढ्या उंचीवर. वीस वर्षांनी परत तिथेच फोटो काढायला गेलो. तो वर मान करून शोधतोय, झाड वाढलं म्हणजे नावही वर गेलं असणार ना! आणि नाव होतं तिथेच. अक्षरं रुंद होऊन पसरलेली, बस. झाड उंच होतं ते शेंड्याकडून, खालचं खोड फक्त जाड होत जातं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की आधी वाटतं झाड तेच आणि माणूस सुजलाय.

कोरू नका मात्र कुणी. सालीच्या आतच झाडाचा वाढणारा थर असतो. चहूबाजूंनी कापली गेली तर झाड मरतं.

बिनपगारी
आणि भाऊ अजून कोरतो का? जित्याची खोड...

जुनी_रीळ
आता टेबलं कोरतो. सुतारकामाचा क्लास लावलाय.

सुईदोरा
विषय थोडा सोडून विचारते. सासूबाईंच्या ट्रंकेत फोटोंचा गठ्ठा मिळाला, सगळे एकमेकांना चिकटून वडी झालीये. ओढले तर चेहरे निघून येतायत. काय करू?

जुनी_रीळ
ओढू नका!! आहे तसा गठ्ठ्याचा सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, दमट हवेत तो चिकट होतो. डिस्टिल्ड पाण्यात भिजवून कधी कधी सुटतात, पण आधी एखादा नको असलेला बघा करून. मागे शाईने लिहिलं असेल तर पाणी नको. आणि घरच्या प्रिंटरवरचे असतील तर अजिबात नको. जिवापाड असतील तर सरळ जाणकाराकडे द्या.

सुईदोरा
नको असलेला निवडायलाच दोन दिवस जातील, सगळ्यांत नणंदा आहेत 🙂

अण्णू
ट्रंक कॉल कुणालाच आठवला नाही? नंबर बुक करायचा आणि वाट बघत बसायचं, कधी कधी दिवसभर. मध्ये ऑपरेटर, "बोला". आजी लांबचा फोन म्हणून ओरडून बोलायची. आता व्हिडिओ कॉलवरही ओरडते. दोन एक्स्चेंजना जोडणारी मोठी लाइन ती ट्रंक, खोडासारखी, आणि घरोघरच्या तारा म्हणजे फांद्या. माझ्याकडे आजी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी असलेला फोटो आहे. तोंड उघडं, डोळे मिटलेले.

मधलीबहीण
डिकीला ट्रंक म्हणतात त्याचं कारण माहितीये का? सुरुवातीच्या मोटारींना मागे खरंच पेटी बांधायचे. आणि पेटीला ट्रंक का, तर पूर्वी झाडाचं खोड आतून कोरून पेट्या करायचे. म्हणजे तुमचा फोन अगदीच वेडा नाही. आधी झाकणं घुमटाकार असायची. त्यांवरून पाणी ओघळतं खरं, पण एकीवर दुसरी पेटी ठेवता येत नाही. लुई व्हिटॉनने 1858 मध्ये सपाट झाकणाची ट्रंक काढली आणि रचायची सोय झाली. बसायचीही. आम्ही तिघी बहिणी एकीवरच बसलेल्या आहोत फोटोत, मी मधे, अर्थात. दोघींची कोपरं माझ्या बरगड्यांत.

खारूताई
आले. धान्यातल्या सोंडकिड्याला पण सोंड असते बरं का. फोटो नाही, डबाभर आहेत.

नीलमोहोर
काय काय निघालं! आजोबांच्या फोटोचा अंधार कमी करून पाहिला. ट्रंकेवरचं नाव दिसायला लागलं, पण अक्षरं विचित्र आहेत, वाचता येईना. टाकलाय, बघा कुणाला लागतं का.

जुनी_रीळ
अहो, आरशात धरा. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलाय. चकचकीत बाजू कुठली ते नाही पाहिलं की होतं असं.

सुईदोरा
बरोबर! मी मघापासून बघतेय, सदऱ्याच्या गुंड्या बायकांच्या बाजूला कशा.

नीलमोहोर
फिरवला. नाव नीट वाचता आलं.
टाक उजव्या हातात आहे.

बिनपगारी
अरे देवा. आईंना सांगितलंत?

नीलमोहोर
लेक चित्र रंगवतेय आणि आई शेजारी बसून म्हणतेय, "हात बघ, अगदी बाबांचा." तिला ट्रंकेचा तेवढा कापून पाठवलाय.